पिल्लू आजारी निघालं, पावतीही नाही: दाद कुठे मागायची?

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी आम्ही एका ब्रीडरकडून लॅब्रडॉरचं पिल्लू घेतलं. मोबाइलवर जाहिरात पाहिली होती. त्यानं व्हिडिओ कॉलवर पिल्लू दाखवलं आणि ‘साठ दिवसांचं आहे, दोन लसी झाल्यात, पेपर मागाहून पाठवतो’ असं सांगितलं. पैसे त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याच माणसाच्या खात्यात ऑनलाइन भरले. तोच माणूस रस्त्यात भेटून पिल्लू देऊन गेला. पावती नाही, फक्त लसीकरणाचं एक कार्ड. चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, तपासणीत पार्व्हो हा विषाणूमुळे होणारा आजार निघाला. पिल्लू जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं आहे, असं पशुवैद्यांनी सांगितलं. सहा दिवस सलाइनवर राहून ते वाचलं, पण उपचारांचा खर्च किमतीपेक्षा जास्त झाला. ब्रीडर आधी ‘हे परत करा, दुसरं घेऊन जा’ म्हणाला, मग ‘जिवंत जनावराची गॅरंटी नसते’ म्हणाला, आता त्यानं नंबर ब्लॉक केलाय. मुलीनं रात्रीचा दिवस करून त्याला जगवलंय, त्यामुळे पिल्लू परत देणार नाही. पावतीशिवाय तक्रार करता येते का? आणि पिल्लू ठेवून पैसे मागता येतात का?

उत्तर: दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असंच आहे. पिल्लू वाचलं हे वाचून फार बरं वाटलं. पार्व्होतून एवढं लहान पिल्लू उठणं सोपं नसतं, आणि त्यामागे तुमच्या मुलीची मेहनत आहे हे उघड आहे.

आधी पावतीचं बोलू, कारण बहुतेक लोक तिथेच हात टेकतात. पावती न देणं ही तुमची चूक नाही, विकणाऱ्याची आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार विकलेल्या मालाची पावती न देणं हीच ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते. व्यवहार झाला हे सिद्ध करायला ऑनलाइन पैसे भरल्याची नोंद, चॅट, जाहिरात, कॉलची यादी एवढं पुरेसं असतं. पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले म्हणून घाबरू नका. उलट त्यामुळे त्या मधल्या माणसाचं नाव आणि खातं नोंदीवर आलं. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, करा. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम २०१७ साली आले, त्यात ‘ब्रीडर’ या शब्दात मधला हस्तक आणि व्यापारी यांनाही धरलेलं आहे. त्यामुळे ‘मी फक्त पोचवलं’ असं म्हणून त्याला सहज सुटता येणार नाही.

आता खरा मुद्दा. हा ब्रीडर ग्राहक आयोगासमोर सगळ्यात आधी म्हणेल, ‘पिल्लू माझ्याकडे ठणठणीत होतं, लागण यांच्या घरी झाली.’ या वादाला तोंड द्यायची तयारी हवी. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. तुमच्याकडे लक्षणं चौथ्या दिवशी दिसली. म्हणजे लागण पिल्लू तुमच्या हाती येण्याच्या आसपास किंवा त्याआधी झाली असण्याची शक्यता मोठी आहे, पण ती दगडावरची रेघ नाही आणि समोरचा वकील हे बोलेलच. म्हणून सगळी तक्रार ‘आजारी पिल्लू विकलं’ या एकाच मुद्द्यावर उभी करू नका. तुमच्याकडे त्याहून भक्कम मुद्दा आहे तो म्हणजे वय, आणि त्याला जोडून लस.

२०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू विकताच येत नाही. विकताना त्याची लस आणि जंताचं औषध झालेलं असलं पाहिजे, ओळखीसाठी कातडीखाली मायक्रोचिप बसवलेली असली पाहिजे, आणि आहार, लसींच्या तारखा वगैरे माहिती लेखी दिली पाहिजे. तुमचं पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं होतं, तर ते ‘साठ दिवसांचं’ म्हणून विकणं हे धडधडीत खोटं ठरतं, मग पार्व्हो कुठूनही आलेला असो. आणि दोन लसी? पहिली लस साधारण सहाव्या आठवड्याआधी देत नाहीत, दुसरी त्यानंतर काही आठवड्यांनी. पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लाचे दोन डोस झालेले असणं पशुवैद्यांच्या दृष्टीनं बसतच नाही. ते कार्ड नीट पाहा. लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबर असलेलं स्टिकर चिकटवलंय का? पशुवैद्याची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आहे का? कार्डावर एखाद्या पशुवैद्याचं नाव असेल तर त्यांना सरळ विचारा की हे पिल्लू तुम्ही पाहिलं होतं का. ‘नाही’ असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या.

वयाचा पुरावा दातांत असतो. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून येऊ लागतात आणि सगळे २८ दात साधारण आठव्या आठवड्यापर्यंत दिसतात. तुमच्या पशुवैद्यांनी पहिल्या भेटीत तोंड उघडून पाहिलं असेल आणि केसपेपरवर वय लिहिलं असेल, तर तो कागद तुमच्या प्रकरणाचा कणा आहे. त्या दिवसांतले फोटो काढलेले असतील तर मूळ फाइल तशीच ठेवा, तारखेसकट. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, सगळ्याचे स्क्रीनशॉट घेऊन दुसरीकडे जपून ठेवा.

‘जिवंत जनावराची गॅरंटी नसते’ हे वाक्य मी अनेक पत्रांत वाचते, आणि ते ऐकून लोक गप्प बसतात याचं मला खरंच वाईट वाटतं. कायद्यात असं काही नाही. कायदा पिल्लाला आजही ‘माल’ म्हणूनच पाहतो. तुमच्या मुलीला हे ऐकायला आवडणार नाही, मलाही आवडत नाही, पण या एका गोष्टीमुळेच तुम्हाला मालविक्री अधिनियम, १९३० चा आधार मिळतो. वर्णन सांगून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणेच असली पाहिजे, हे त्यातल्या कलम १५ मध्ये आहे. साठ दिवसांचं, दोन लसी झालेलं, हे वर्णन होतं. ते खोटं निघालं. अशा वेळी ग्राहकानं वस्तू परत केलीच पाहिजे असं नाही. ती ठेवून नुकसानभरपाई मागायचा पर्याय कलम १३ आणि ५९ मध्ये आहे. म्हणून पिल्लू तुमच्याकडेच राहू द्या आणि किमतीतला फरक, उपचार, औषधं, तपासण्या, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च मागा. पूर्ण किंमत आणि पिल्लू, दोन्ही मागितलंत तर आयोग प्रश्न विचारेल, म्हणून भर उपचारांच्या खर्चावर ठेवा. आकडा फुगवू नका. बिलांशी जुळणारा आकडा पाहिला की आयोगाचा तक्रारदारावर विश्वास बसतो.

‘दुसरं पिल्लू घ्या’ हा प्रस्ताव पुन्हा आला तर नाही म्हणा. पार्व्होचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो. त्या ब्रीडरच्या जागेत तो असण्याची शक्यता आहेच, तुमच्या घरातही आहे, आणि लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू त्यात आणणं म्हणजे तेच दुखणं पुन्हा ओढवून घेणं. शिवाय अशा वेळी ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतात. तसल्या कागदावर सही करू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी त्या दोघांना नोटीस पाठवा. कायद्यानं ती सक्तीची नाही, पण नोटीस मिळूनही उत्तर दिलं नाही ही गोष्ट पुढे तुमच्या बाजूनं बोलते. स्पीड पोस्टनं पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, भाषा साधी ठेवा: कधी घेतलं, काय सांगितलं होतं, काय निघालं, किती खर्च झाला, किती हवेत. त्याच्या राहत्या पत्त्याची खात्री नसेल तर जाहिरातीतला आणि चॅटमध्ये आलेला प्रत्येक पत्ता वापरा. मुदत संपली की जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार. ब्रीडर दुसऱ्या राज्यातला असला तरी हरकत नाही, कारण २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगाकडे जाता येतं. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, पण तोवर थांबू नका. खाती बंद होतात, जाहिराती काढल्या जातात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून पाहायला हरकत नाही. तिथे तडजोड होऊ शकते, आदेश मात्र मिळत नाही.

तो ‘मी व्यापारी नाही, घरची पिल्लं होती’ असंही म्हणेल. म्हणून त्याच्या जुन्या जाहिराती आजच जपून ठेवा. वेगवेगळ्या जातींची पिल्लं वर्षभर विकणाऱ्याचं घर हे घर राहत नाही, तो धंदा असतो. त्याच्याकडून पिल्लू घेतलेल्या इतरांना शोधा. एकाच वेतातल्या दुसऱ्या पिल्लालाही त्याच दिवसांत पार्व्हो झाला असेल, तर लागण तुमच्या घरी झाली हा त्याचा बचाव जवळजवळ संपतो. अशा माणसाचं शपथपत्र मिळवा.

पोलिसांबद्दल थोडक्यात. विकतानाच वय आणि लस याबद्दल जाणूनबुजून खोटं सांगून पैसे घेतले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक होऊ शकते, आणि कार्ड बनावट निघालं तर मुद्दा आणखी गंभीर होतो. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं ऐकावं लागेल, त्यानं खचू नका. पैसे परत मिळवायचा मार्ग आयोगाचाच आहे. आणि समाजमाध्यमांवर लिहायचंच असेल तर कागदावर सिद्ध होईल तेवढंच लिहा. ‘चोर’, ‘खुनी’ असे शब्द लिहिलेत तर अब्रुनुकसानीची नोटीस तुमच्याच दारात येईल.

एक काम मात्र पैशांसाठी नाही, तरी करा. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे या ब्रीडरची तक्रार द्या. नोंदणीशिवाय हा धंदा करता येत नाही, आणि नियमांत मादीलाही संरक्षण आहे: अठरा महिन्यांआधी तिची पैदास करायची नाही, वर्षात एकाहून जास्त आणि आयुष्यात पाचांहून जास्त वेत घ्यायचे नाहीत. जो माणूस पाच आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडतो, तो बहुधा तिला पुढच्या वेतासाठी मोकळी करत असतो. तुमचं पिल्लू सुटलं. त्याची आई अजून तिथेच असेल, आणि तिच्यासाठी तक्रार करायला दुसरं कोणी नाही.

पिल्लाच्या पुढच्या लसीसाठी पशुवैद्यांकडे जाल तेव्हाच त्यांच्याकडून लेटरहेडवर दाखला मागा. पहिल्या तपासणीची तारीख, त्या दिवशीचं अंदाजे वय आणि ते कशावरून ठरवलं, पार्व्होच्या तपासणीचा निकाल, लागणीनंतर लक्षणं दिसायला किती दिवस लागतात, आणि घरात दुसरा कुत्रा होता की नव्हता, एवढं त्यात यायला हवं. हेच पुढे शपथपत्रावर द्यायची त्यांची तयारी आहे का, तेही त्याच वेळी विचारून घ्या.