गुगल मॅपवर आईचा डब्यांचा धंदा टाकायला एजंटला पाच हजार द्यावेत का?

नाही. एक रुपया देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की आई घरून डबे करते, मॅपवर नाव यावं म्हणून एक मुलगा पाच हजार मागतोय, आठ दिवसांत टॉपला आणतो म्हणतोय, आणि घरचा पत्ता सगळ्यांना दिसेल का याची तुम्हाला काळजी आहे. पत्त्याचं खाली सांगते. आधी त्या मुलाचं बोलू, कारण असाच एक मुलगा आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेलाय.

आमचं परळला पोळीभाजी केंद्र आहे, केईएम हॉस्पिटलपासून चालत जाण्यासारखं. सासरे गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर घरात पगार यायचा बंद झाला तेव्हा सासूबाईंनी पोळ्या लाटून द्यायला सुरुवात केली आणि त्याच्यावर घर उभं राहिलं. आता मी आणि त्या मिळून बघतो. आमच्या गल्लीतल्या माणसाला मॅप लागतच नाही, त्याला माहितीये की बुधवारी अळूचं फदफदं असतं आणि साडेअकराच्या आत नाही आलं तर संपतं. मॅप लागतो तो बाहेरच्या माणसाला. सांगलीहून, बीडहून, पार बिहार-बंगालमधून लोक टाटा हॉस्पिटलला येतात, पेशंट वर वॉर्डात असतो, डॉक्टरांनी सांगितलेलं असतं मऊ भात द्या, तिखट तेलकट नको, आणि तो माणूस खाली बोर्जेस रोडवर उभा राहून फोनवर 'घरगुती जेवण' शोधत असतो. त्याला आपण दिसलो पाहिजे, म्हणून मी कधीपासून घरात सांगत होते की गुगलवर नाव टाकूया, फुकट आहे, मी फोनवरून करते.

माझे मोठे दीर म्हणायचे, मॅप-बिप कशाला, एवढी वर्षं चाललंय ना. आणि मग एक दिवस तेच एका मुलाला घेऊन आले. त्याच्या गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, "गुगलकडून आलोय". मी म्हटलं की हेच मी फुकट करणार होते, तर भावोजी म्हणाले, हे प्रोफेशनल लोकांचं काम आहे, तुला काय कळतं त्यातलं. पैसे सासूबाईंच्या गल्ल्यातून गेले. मी त्या मुलाला एकच विचारलं, कुठल्या ईमेलवर बनवतोयस? तो म्हणाला, ते आमच्या सिस्टिममध्ये असतं ताई, तुम्हाला टेन्शन नको. मी तिथल्या तिथे सांगितलं की हे मला मान्य नाही, ईमेल आमचा पाहिजे. मला त्या परक्या मुलासमोर गप्प बसवलं गेलं. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

झालं काय ते ऐका. त्याने आमच्या बोर्डावर जे नाव आहे ते टाकलंच नाही, टाकलं 'बेस्ट घरगुती जेवण टिफिन सर्व्हिस परळ निअर केईएम टाटा', म्हणजे असं शोधलं की आपण वर येतो म्हणे. गुगलचा नियम असा आहे की बोर्डावर जे नाव आहे, ज्या नावाने लोक ओळखतात, तेच टाकायचं, असे शब्द कोंबले तर प्रोफाइल, म्हणजे मॅपवरचं आपलं पान, सस्पेंड होऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे फोन नंबर त्याने आपला दिला, 'कॉल ट्रॅकिंग'साठी. लोक फोन करायचे, तो कोणीतरी उचलायचा आणि ऑर्डर भलत्याच डबेवाल्याकडे जायची. आम्हाला कळणार कसं? ओळखीचं गिऱ्हाईक येतच होतं, त्यामुळे गल्ला तसा बरा दिसायचा. वर्ष भरत आलं तसा रिन्यूअलचा फोन आला, पुन्हा पैसे. यावेळी मी फोन हातातून घेतला आणि नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर आम्ही मॅपवर 'कायमचे बंद' झालो.

आम्हाला ते कळलं एका माणसामुळे. सांगलीकडचे होते, आई टाटात ॲडमिट. दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, मॅपवर तुमचं बंद दाखवतंय, पण पोळ्यांचा वास आला म्हणून विचारतो, चालू आहे का? चुलीवर तवा तापलेला, सासूबाई लाटतायत, आणि जगाला आम्ही बंद. त्यांना डबा भरून दिला. आधी अशी किती माणसं मॅप बघून परत फिरली असतील, तो हिशोब कोण देणार.

त्या रात्री मी बसले आणि स्वतः केलं. मॅपवर आपलं दुकान उघडायचं, तिथे मालकी सांगायचा पर्याय असतो, तो दाबला की कळतं हे प्रोफाइल दुसऱ्या कुणाच्या ईमेलवर आहे, त्या ईमेलची दोन-चार अक्षरं पण दिसतात. मग ॲक्सेसची रिक्वेस्ट टाकायची. समोरच्याला मेल जातो, उत्तर द्यायला त्याला ३ दिवस असतात. त्याने काही कळवलं नाही तर पुढे आपल्याला व्हेरिफाय करून, म्हणजे धंदा आपलाच आहे हे दाखवून, ताबा मागता येतो, नाही म्हणाला तर अपील करता येतं. आमच्यावाल्याने उत्तरच दिलं नाही. व्हेरिफाय करायला पूर्वी पोस्टकार्ड यायचं, त्यावर कोड असायचा, आता बहुतेकांना व्हिडिओच मागतात. हा व्हिडिओ आधी काढून ठेवलेला चालत नाही, तिथल्या तिथे फोनवरून, मध्ये कुठेही न तोडता काढायचा. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत, दुकान कुठे आहे, तिथे खरंच तो धंदा चालतो का, आणि तुम्ही तिथले मालक आहात का. मी कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या नावाच्या पाटीपासून सुरू केलं, चालत आमच्या बोर्डापर्यंत आले, दाराच्या कुलपात किल्ली फिरवून दाखवली, आत ओटा, पिठाचे डबे, डब्यांची रांग, आणि सासूबाई पोळी लाटताना. त्या थांबल्या नाहीत, कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही. मंजुरी आली. मी नाव बोर्डाप्रमाणे केलं, नंबर आमचा केला, 'बंद' काढलं, आणि माहितीच्या रकान्यात, ७५० अक्षरं बसतात त्यात, मराठी आणि हिंदीत लिहिलं की पेशंटसाठी मऊ भात, मुगाची खिचडी, कमी मिठाचं जेवण सांगितल्यास करून मिळेल. एकही पैसा लागला नाही.

आता 'टॉपला आणतो' याचं. हे साफ खोटं आहे. गुगल स्वतः लिहून सांगतं की मॅपवर वरचा नंबर पैसे देऊन किंवा विनंती करून मिळत नाही. तीन गोष्टींवर ठरतं, शोधणाऱ्याला जे हवंय ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि तुम्हाला लोक किती ओळखतात, ज्यात रिव्ह्यू पण आले. जाहिरात वेगळी, तिचे पैसे गुगलला जातात आणि ती जाहिरात आहे असं तिथे लिहिलेलं असतं. त्या मुलाकडे कसलीही जादू नाही. ५० फाइव्ह स्टार रिव्ह्यू देतो म्हणाला तर तिथेच दार दाखवा, विकतचे रिव्ह्यू नियमात बसत नाहीत, पकडले की उडतात. 'रिव्ह्यू द्या, एक गुलाबजाम फ्री' हे सुद्धा चालत नाही. नुसतं मागायला हरकत नाही, प्रोफाइलमध्येच लिंक आणि क्यूआर मिळतो, तो डब्याच्या पिशवीवर चिकटवा. कोणी एक स्टार दिला तर तो तुम्हाला काढता येत नाही, शिवीगाळ किंवा खोटेपणा असेल तर रिपोर्ट करता येतं, पण 'भाजी आवडली नाही' हा काही नियमभंग नाही. नीट उत्तर लिहा, वाचणारे तेच बघतात. 'गुगलची वेबसाइट पण बनवून देतो' असं कोणी म्हटलं तर प्रोफाइलमधून बनणाऱ्या त्या फुकट वेबसाइट गुगलने मार्च २०२४ मध्येच बंद केल्यात, आणि चॅटची सोय जुलै २०२४ मध्ये. लोक अजून 'गुगल माय बिझनेस' म्हणतात, ते नाव २०२१ मध्येच बदललं, आता बिझनेस प्रोफाइल म्हणतात. जो एजंट अजून जुनंच सगळं विकतोय त्याला काय येत असेल ते ओळखा.

खरी गोष्ट ईमेलची आहे. प्रोफाइल ज्याच्या ईमेलवर, दुकानाची किल्ली त्याच्या खिशात. आणि इथे मी तुम्हालाही सांगणार आहे, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय 'मी माझ्या जीमेलवरून टाकतो'. का? पहाटे उठून कुकर तुम्ही लावता का? धंदा आईचा आहे तर मुख्य मालक आईचा ईमेल पाहिजे, तिच्या नंबरवर. तुम्ही दुसरे मालक म्हणून किंवा मॅनेजर म्हणून स्वतःला जोडून घ्या, कामं जवळजवळ सगळी करता येतात, पण मॅनेजरला मालकाला काढता येत नाही. आमच्याकडे ताबा मिळाल्यावर भावोजी म्हणाले, आता माझ्या ईमेलवर कर, घरातला मोठा मी आहे. मी सासूबाईंच्या नावाने जीमेल काढला, त्यांच्या फोनवर, मुख्य मालक त्या, दुसरी मी. त्यावरून घरात बोलणं झालं, अजून होतं. "बाईला फोन धड उचलता येत नाही आणि मालक केलीस" असं ते म्हणतात. अहो, ज्या बाईने संपाच्या काळात पोळ्या विकून तुम्हाला शाळेत घातलं तिला एक पासवर्ड सांभाळता येणार नाही? त्यांना मी शिकवलंय. दुसरा फोन आला की 'गुगलकडून बोलतोय' तर त्या सांगतात, ओटीपी मिळणार नाही, आणि ठेवून देतात. टू स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं लॉगिन, चालू केलंय, अडचणीत वापरायचे बॅकअप कोड कागदावर लिहून देव्हाऱ्याच्या खणात आहेत. तेवढं त्या सिमचं रिचार्ज चुकू देऊ नका, नंबर गेला की लॉगिनचे वांधे होतात.

माझे भावोजी हे वाचणार नाहीत, पण तुमच्या घरात जर कोणी असं म्हणणारा असेल की हे बायकांचं काम नाही, तर त्याला हे वाचायला द्या.

सगळेच एजंट चोर असतात असं नाही. आईला फोन जमत नाही, तुम्ही परगावी, कोणी ओळखीचा मुलगा फोटो काढून, मेनू टाईप करून दोन-तीनशे घेत असेल तर मेहनतीचे द्या की, पण त्याला मॅनेजर म्हणून जोडा आणि काम झालं की काढा. आणि हेही खरं की गुगलचा आपोआप येणारा कॉल कधीकधी येतो, दुकानाची वेळ विचारतो, त्याला घाबरू नका. फक्त पैसे, पासवर्ड, ओटीपी मागितला की तो गुगल नाही.

पत्त्याचं राहिलं. तुमच्याकडे गिऱ्हाईक येत नसेल, डबे तुम्हीच पोचवत असाल, तर पत्ता लपवायचाच असतो, नियमच तसा आहे. पत्त्याऐवजी कुठल्या भागात डबे देता ते टाकायचं, २० पर्यंत भाग टाकता येतात, विलेपार्ले, अंधेरी, जिथे खरंच पोचवता तेवढेच टाका. व्हेरिफिकेशनला घर दाखवावं लागेल, ते गुगलला दिसतं, लोकांना नाही. एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्याच्या धंद्याचं सरकारी, रजिस्ट्रेशन केलेलं असेल तर तो कागद जवळ ठेवा, आणि केलं नसेल तर मॅपच्या आधी ते करा, घरच्या डब्यालाही लागतं. सणाला वेळ बदलते ती आधीच टाका. आमच्याकडे गणपतीत लालबागच्या गर्दीमुळे सगळं पुढेमागे होतं, तेव्हा 'स्पेशल अवर्स' टाकले नाहीत तर लांबून आलेल्या माणसाची फेरी फुकट जाते.

व्हिडिओ रिजेक्ट झाला तर इथेच लिहा, कुठे अडकलंय ते बघून सांगते. दुपारी तीननंतर बघेन, तोपर्यंत डबे असतात.