मायग्रेनसाठी डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन दिलंय, पण ती तर डिप्रेशनची गोळी ना?

हो, पण मायग्रेन रोखायला ती खूप कमी डोसमध्ये देतात, डिप्रेशन नसलं तरी. सुरुवात बहुधा रात्री १० मिग्रॅ.; मग डॉक्टर एक-दोन आठवड्यांनी थोडी वाढवत २५ ते ५० पर्यंत नेतात. सकाळी डोकं जड राहत असेल तर झोपायच्या एक-दोन तास आधी घ्या. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, वजनही वाढू शकतं.

लोक पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडतात, तिथेच चुकतं! योग्य डोसवर सहा ते आठ आठवडे द्या आणि डोकेदुखीचे दिवस कॅलेंडरवर मांडा. चढलेलं डोकं ती उतरवत नाही. त्यासाठीची गोळी वेगळी.

काचबिंदू, प्रोस्टेट, हृदयाचे ठोके यांचा त्रास किंवा ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी चालू असेल तर आधी सांगा. अचानक बंद करू नका.