डब्यात साठलेल्या चिल्लरचे बंदे पैसे कसे करायचे?

भाऊ, तुम्ही विचारलं की घरी डब्यात तीन-चार वर्षांची चिल्लर साठली आहे, बँकेतला कॅशियर घेत नाही म्हणतो आणि बाजारातला एक जण शंभराच्या चिल्लरचे नव्वद द्यायला तयार आहे, तर देऊन टाकू का. अजिबात देऊ नका. शंभराचे शंभरच भेटतात, थोडं फिरावं लागते एवढंच. माझं दारव्हा तालुक्यात खेड्यावर किराणा दुकान आहे, चिल्लरशी रोजचा संबंध आहे म्हणून सांगून राहिलो.

पहिले डबा पोत्यावर ओता अन् नाणी वेगळी करा. चार आणे आणि त्याखालचं जे निघेल ते बाजूला टाका, 30 जून 2011 पासून ते चलनातून बंद झालं. आठ आणे मात्र कायद्याने आजही चालू आहेत, दुकानात कोणी हात लावत नाही ही गोष्ट वेगळी. मग दहा-दहाच्या चळती लावून मोजा. काही जण एक चळत मोजतात अन् बाकीच्या तिच्या उंचीला लावतात, नाहीतर सरळ काट्यावर तोलतात, पण रुपयाचेच किती प्रकार आहेत पाहा, 1992 नंतरचा स्टीलचा रुपया पावणेपाच ग्रॅमच्या वर भरते आणि 2011 नंतरचा छोटा पावणेचारच्या आसपास, मग मिसळलेल्या ढिगात वजन अन् मोजणी जुळणार कशी? हातानेच मोजा, शंभर नाणी झाली की एका पन्नीत बांधा अन् आत चिठ्ठी टाका.

आता बँकेत जायच्या आधी गावातच फिरा. फोनपे आल्यापासून आमच्या गल्ल्यात चिल्लर येणंच कमी झालं, पण म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, वेचणीच्या बाया रोखच देतात आणि सुटे वापस मागतात. सुटे नसले की चॉकलेट हातावर ठेवावं लागते, ते गिऱ्हाइकाला पटत नाही अन् मलाही नाही. त्यामुळे कोणी मोजलेल्या पन्न्या घेऊन आलं तर मी लगेच नोटा देतो, एक पैसा कापत नाही, आणि चक्कीवाला, पानठेलेवाला, चहावाला यांनाही सुट्ट्यांची गरज राहतेच. आठवडी बाजारात न्यायची असेल तर सकाळी न्या, तेव्हा भाजीवाल्यांजवळ बोहनीलाही सुटे नसतात, संध्याकाळी त्यांच्याच पिशव्या भरलेल्या राहतात. आणि लग्नसराईत तर लोक रुपया शोधत फिरतात कारण आहेर 51 नाहीतर 101 चाच द्यायचा राहते, तेव्हा रुपयाची नाणी त्या महिन्यांसाठी राखून ठेवली तरी चालते.

दहाच्या नाण्याचं सांगतो कारण आमच्याइकडे लोकांनी त्याचे लय हाल केले. कोणी म्हणते दहा रेघावालं खरं अन् पंधरा रेघावालं खोटं, कोणी म्हणते रुपयाची खूण नसलेलं नकली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच स्पष्ट सांगितलं की तोवर निघालेल्या दहाच्या नाण्याच्या चौदाही डिझाईन चालतात, खूण असलेल्या अन् नसलेल्या दोन्ही. मजुरीत मिळालेलं दहाचं नाणं कोणी घेत नाही म्हणून एखादी बाई दुकानाच्या पायरीवरून मीठ न घेता परत जाते तेव्हा मला खरंच राग येते, तिच्या घामाचे पैसे आहेत ते. दुकानदार मंडळींनो, घेत जा. विसाचं बारा कोपऱ्यांचं नाणंही चालतेच.

उरलेलं बँकेत भरा. नाण्यांच्या कायद्यात, 2011 च्या, एका वेळी हजार रुपयांपर्यंतच नाणी देता येतात, आठ आणे तर फक्त दहा रुपयांपर्यंत, म्हणून दुकानदार त्याच्यावर नाही म्हणू शकते. पण खात्यात भरायला रिझर्व्ह बँकेने मर्यादा ठेवली नाही, आणि काउंटरवर आलेली नाणी बँकांनी नाकारायची नाहीत अशा सूचना आहेत. शंभर-शंभरच्या पन्न्या सोयीच्या पडतात हेही त्यांनीच सांगितलं आहे. फक्त दिवस पाहून जा, लाडक्या बहिणीचे नाहीतर निराधारचे पैसे पडले की बँकेत पाय ठेवायला जागा नसते, अशा वेळी कॅशियरसमोर पोतं ठेवलं तर तोही वैतागणारच. दुपारनंतर गर्दी ओसरली की थोडी थोडी भरा. तरीही नाही म्हटलं तर मॅनेजरला लेखी अर्ज द्या अन् पोच घ्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी लागत नाही, माहितीसाठी 14448 नंबर आहे. बहुतेक वेळा अर्ज लिहायला घेतला की काम होऊन जाते.

आणि पुढं डबा भरायची वाट पाहू नका. पोस्टात आरडी महिन्याला 100 रुपयांपासून काढता येते, पाच वर्षांची राहते, दर महिन्याला जमलेली चिल्लर दुकानात देऊन नोट घ्यायची अन् हप्ता भरून टाकायचा. दारव्ह्याकडं कधी आले तर पन्न्या माझ्याकडेच घेऊन या.