डायरेक्ट सेकंड इयर: कटऑफ नंतर बघ, आधी कागद आणि गणित

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पंढरपूरकडची, इलेक्ट्रिकल डिप्लोमाचं सहावं सेमिस्टर चालू, पाचव्याला 84 टक्के, ओबीसी. पुण्यात डायरेक्ट सेकंड इयरला, म्हणजे डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटर मिळेल का, तयारी काय करू, फीचं काय, आणि डिग्रीचं गणित झेपेल का? तुझ्या पोस्टखाली सगळ्यांनी कटऑफचे आकडे टाकलेत. मी 2014 ला याच वाटेने आलो, आणि मला कटऑफने नाही, दुसऱ्याच दोन गोष्टींनी मारलं. म्हणून आधी त्या.

पहिली, नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं ओबीसीला लागणारं प्रमाणपत्र. मी फार शहाणा, सगळ्यांच्या आधी फेब्रुवारीतच काढून ठेवलं. जुलैत पडताळणीच्या रांगेत दीड तास उभा राहिलो, खिडकीतल्या मॅडमनी कागद उलटसुलट करून तारखेवर बोट ठेवलं. त्याच वर्षीच्या 31 मार्चला मुदत संपलेली. प्रवेशाला लागतं ते पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत चालणारं. नवं काढायला तालुक्याला जाऊन यायला वेळ नव्हता, मी ओबीसीचा ओपन झालो आणि जे कॉलेज आरामात मिळालं असतं ते गेलं. घरी येऊन वडिलांना सांगायचं कसं हाच मोठा प्रश्न होता. ते बिचारे सेतूत माझ्यासोबत दोनदा खेटे घालून आलेले.

त्यामुळे आता जानेवारीत घाई करू नकोस. उत्पन्नाच्या दाखल्याची कागदपत्रं जमव, एप्रिल उजाडला की अर्ज टाक, आणि हातात आल्यावर सगळ्यात आधी मुदतीची तारीख वाच. आपलं नाव आपण नंतरही वाचतोच.

घाई करायची ती जात पडताळणीची. व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, नसेल तर उद्याच लाग. जिल्ह्याच्या समितीकडे महिनेच्या महिने जातात आणि निकालानंतर सगळा जिल्हा एकदम तिथे लोटतो. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला सापडला तर काम सोपं. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा, नाहीतर तहसीलमधल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुक. त्या मोडी लिपीत असतील तर वाचून घ्यायला आणखी आठवडा धर. आणि आडनावाची स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर, डिप्लोमाला आणि आधारवर एकच आहे ना ते आज रात्रीच बघ. आमच्यातल्या एकाचं एका 'एच'साठी अ‍ॅफिडेव्हिट करावं लागलं होतं.

आता कटऑफ. ते बघ, पण त्यावर झोप उडवू नकोस, कारण आपल्या प्रवेशाचं गणित फर्स्ट इयरसारखं नाही. सीईटी नसते, डिप्लोमाच्या मार्कांवर यादी लागते. माझ्या वेळी पाचवं-सहावं मिळून अंतिम वर्षाची टक्केवारी धरायचे, म्हणजे पाचव्याचे 84 हा अर्धाच निकाल. जागा दोन ठिकाणांहून येतात: मंजूर संख्येच्या 10 टक्के वाढीव, आणि फर्स्ट इयरला रिकाम्या राहिलेल्या. नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटरला फर्स्ट इयरची जागा रिकामी राहतेच कशाला? म्हणजे 60 च्या तुकडीत हातात उरतात 6. त्या 6 ओपन, ओबीसी, एससी, एसटी, भटके-विमुक्त आणि पुन्हा मुलींच्या 30 टक्क्यांत वाटायच्या. गेल्या वर्षीच्या यादीत 'एल-ओबीसी'समोर, म्हणजे ओबीसी मुलींच्या जागेसमोर, जो आकडा दिसतो तो बऱ्याचदा एकाच मुलीचा असतो. ती मुलगी यंदा नाही. सीओईपी, व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर नव्वदीच्या पुढेच जातं, ते सोडून दे, पण मधल्या कॉलेजांचे आकडे दरवर्षी वरखाली होतात. तीन-चार वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून पट्टा काढ, एका आकड्यावर जाऊ नकोस.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीयादी, इच्छेच्या क्रमाने भर, "मिळेल का"च्या क्रमाने नको. वरचं न मिळाल्याने खालच्यावरचा हक्क जात नाही. उलट पहिल्या नंबरला जे लिहिशील ते मिळालं की आपोआप पक्कं होतं, पुढच्या फेरीत संधी नाही. त्यामुळे पहिल्या ओळीत "चालेल" असं कॉलेज टाकू नकोस, "हवंच" असं टाक. मुलं सुरक्षित म्हणून मधलं कॉलेज वर टाकतात आणि मग चार वर्षं हळहळतात. (तीन वर्षं. आपली तीनच असतात, तोच तर फायदा.)

फीचं बोलते आहेस म्हणून: 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा कॉलेज पातळीवरच्या फेरीत गेलीस तर ते जातं. कोणी "कॅप सोड, नंतर ये, सीट देतो" म्हणालं तर हे डोक्यात ठेव. होस्टेल-मेस मात्र यात नाही, पुण्यात खरा खर्च तिथेच.

कॉम्प्युटर की इलेक्ट्रिकल? शाखा बदलता येते, आता कुठल्याही शाखेचा डिप्लोमा चालतो. पण सेकंड इयरला पाय ठेवला की डेटा स्ट्रक्चर समोर येतं, आणि वर्गातल्या बाकीच्यांनी वर्षभर सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा गिरवलेली असते. तुला कोडिंग आवडतं म्हणून जात असशील तर जरूर जा. पॅकेज ऐकून जात असशील तर माझं मत वेगळं आहे: चांगल्या कॉलेजातलं इलेक्ट्रिकल घे. मशीन लॅबमध्ये डिप्लोमावाली पोरं काय दिसतात ते बघशील. बारावीवाले मोटारीची जोडणी बघून दोन पावलं मागे सरतात, आणि आपण तीन वर्षं तेच केलेलं असतं.

आता ती दुसरी गोष्ट, गणित, ज्याची तुला भीती आहे. भीती बरोबर आहे. आपले राऊंड संपेपर्यंत सप्टेंबर उजाडतो, कॉलेज कधीच सुरू झालेलं असतं. मी गेलो त्या दिवशी एम-थ्रीचा, म्हणजे डिग्रीच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरचा, तास, व्हेक्टर कॅल्क्युलस. सरांनी फळ्यावर उलटा सहा काढला, मग आणखी एक, खाली रेघ, त्याखाली पुन्हा दोन. मी वहीत इमानदारीत सहाच लिहीत होतो. शेजाऱ्याला विचारलं, हे सहा कशाचे? तो म्हणाला, "अरे, पार्शल आहे ते. एम-वनला नव्हतं का?" नव्हतं, कारण आम्हाला एम-वनच नव्हतं. पहिल्या युनिट टेस्टला 30 पैकी 4.

डिप्लोमाचं गणित सुरुवातीच्या सेमिस्टरमध्ये संपतं आणि मग बराच काळ त्याचं तोंड बघायला मिळत नाही. लाप्लास ओझरता भेटलेला असतो. पण पार्शल डेरिव्हेटिव्ह, डबल-ट्रिपल इंटिग्रेशन, आयगेन व्हॅल्यू, बीटा-गॅमा हे फर्स्ट इयरवाल्यांनी केलेलं आणि आपण न पाहिलेलं. एम-थ्री कुठे तिसऱ्या सेमिस्टरला असतं, कुठे चौथ्या, पण शिकवणारा हे येतंय असं धरूनच चालतो. मला होस्टेलच्या एका फर्स्ट इयरच्या पोराने त्याची एम-वनची वही दिली. मी सेकंड इयरचा, तो फर्स्टचा, आणि रात्री मेसनंतर तो मला शिकवायचा. लाज वाटायची सुरुवातीला. दिवाळीनंतर गाडी रुळावर आली, तीही पार्शलपासून सुरुवात केली म्हणून. सगळा एम-वन, एम-टू करायच्या फंदात पडू नकोस. क्रम असा धर: पार्शल, मग मल्टिपल इंटिग्रेशन, मग मॅट्रिक्स. बाकीचं लागेल तसं.

तुझी परीक्षा मेपर्यंत उरकेल, तिथून प्रवेशापर्यंत तीन-चार महिने मोकळे. ते कंटाळवाणे जातात, मोबाईलवर राऊंडच्या तारखा बघण्यात. त्यातला रोजचा एक तास त्या वहीला दे. व्हिडिओ बघून कळल्यासारखं वाटतं, पेनाने दहा गणितं सुटेपर्यंत काही खरं नाही. ओळखीत कोणी फर्स्ट इयरचं असेल तर त्याची वही आत्ताच मागून ठेव, जूनमध्ये ती रद्दीत गेलेली असते.

सहाव्याचा निकाल लागला की टक्केवारी आणि ऑप्शनची यादी इथेच टाक, क्रम बघून सांगतो. व्हॅलिडिटीचा अर्ज टाकलास का तेवढं मात्र या आठवड्यात कळव.