पोरगं आईकडं जाईना

"ताई, पोरगं आईकडं जाईनाच झालंय. हिला जरा समजावून सांगा." कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एक काकू आपल्या भाडेकरणीला घेऊन आल्या होत्या. नवरा एमआयडीसीत फाउंड्रीत, गाव बिहारमधलं. मुलगा दहा महिन्यांचा असताना त्याला आजीकडं ठेवून ही इकडं आली. धड खोली मिळाल्यावर त्याला आणलं, तेव्हा तो अडीच वर्षांचा झाला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तो आईच्या हातचं खात नव्हता. रात्री उठून 'ईया, ईया' करत आजीसाठी रडायचा. शेजारणींनी सांगितलं, आजीला फोन लावूच नको, आपोआप विसरेल. फोन बंद झाला. रडणंही थांबलं. पोरगं गप्प बसायला लागलं, कुणीही उचललं तरी मुकाट जायला लागलं. सगळे म्हणाले, रुळलं. मला काळजी वाटली ती नेमकी याचीच.

१९५० च्या आसपास लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या बालमनाच्या अभ्यासकांनी आईविना रुग्णालयात राहणाऱ्या लहान मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं होतं. मूल आधी आकांत करतं, मग खचतं, मग अलिप्त होतं. ही अलिप्तताच मोठ्यांना शहाणपणा वाटते.

"मुझसे गुस्सा है क्या?" तिनं विचारलं. तो रागावलेला नव्हता. ज्या बाईनं त्याला वाढवलं ती एका प्रवासात नाहीशी झाली होती, त्याचं दुःख तो करत होता. आजीचा लळा तुटला म्हणजे आईचा लागेल, हा हिशेबच चुकीचा आहे. एकाचा घट्ट लळा लागलेलं मूल दुसऱ्यालाही जीव लावू शकतं.

मी विचारलं, आजी त्याला भरवायची कशी? तिला माहीत नव्हतं. तिथूनच गावाला फोन लावला. आजी सांगत होती: डाळभाताचे बोराएवढे गोळे करायचे, थाळीच्या काठानं मांडायचे, एकेक पाखराच्या नावानं. आपल्याकडचा काऊचा घास, चिऊचा घास तो हाच. आवाज ऐकून पोरगं फोनला चिकटलं आणि हमसून रडलं. आईही रडली. मी दोघांना रडू दिलं.

मग ठरलं ते एवढंच. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी आजीला फोन. जेवताना आजीनं फोनवरून पाखरांची नावं घ्यायची, थाळी आईनं मांडायची. ओढून मांडीवर घ्यायचं नाही, शेजारी जमिनीवर बसायचं. रात्रपाळी करून आलेल्या बापानं सकाळची अंघोळ घालायची. पहिले काही दिवस गोळे तसेच राहिले. मग एकदा त्यानं स्वतःच्या हातानं एक उचलून खाल्ला आणि दुसरा आईच्या तोंडाशी नेला.

काकूंचा आग्रह होता की तिनं पोराशी मराठीच बोलावं. मी स्पष्ट नाही म्हटलं. मराठी तो अंगणवाडीत, गल्लीत शिकेल. आईनं तिला आपसूक लाड करता येतात त्या भोजपुरीतच बोलावं. दोन भाषांमुळे मूल बोलण्यात मागं पडत नाही.

अंगणवाडीत परगावच्या मुलांचंही नाव घालता येतं, ते काकूंनीच घातलं. अशा घरांशेजारी राहणाऱ्यांनी एवढं जरूर करावं. आणि फोन, सोबत, सगळं देऊनही मूल खात नसेल, वजन उतरत असेल, येत असलेले शब्द गळत असतील, तर वाट न पाहता कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवा.