पायाच्या अंगठ्याजवळचा उंचवटा : उपचार आणि पायताणांची निवड

प्रश्न : माझे वय ५४ असून मी नौपाड्यात राहते. वाशीच्या कार्यालयात जाण्यासाठी रोज ठाणे स्थानकातून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडते आणि परतीचा प्रवास बहुधा उभ्यानेच होतो. गेल्या काही वर्षांत उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी टणक उंचवटा आला असून अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला आहे. माझ्या आईच्या पायालाही असेच होते. संध्याकाळी तो भाग लाल होऊन ठणकतो. मैत्रिणीने रात्री अंगठ्याला बांधायचा पट्टा आणून दिला आहे. त्याने वाढलेले हाड जागेवर येते असे त्याच्या खोक्यावर लिहिले आहे. हे खरे आहे का? शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली तर नुकसान होईल का? आणि रोजच्या वापरासाठी पायात काय घालावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुम्ही केलेल्या वर्णनावरून हा हॅलक्स व्हॅल्गस, म्हणजेच बोलीभाषेत ‘अंगठ्याचे हाड वाढणे’ म्हणतात तो विकार असावा. प्रत्यक्षात येथे नवे हाड फारसे वाढलेले नसते. अंगठ्यामागचे चवड्यातले लांब हाड हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकते, अंगठा उलट बाजूला कलतो आणि त्या दोहोंमधल्या सांध्याचे टोक बाहेर दिसू लागते. त्यावरची त्वचा चपलेच्या पट्ट्याला सतत घासली की तिच्याखालच्या पिशवीसारख्या मऊ आवरणाला सूज येते, आणि तुम्हाला संध्याकाळी जाणवणारी लाली व ठणका बहुतांशी या सुजेचा असतो. उभे राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये अंगठा आणि त्यामागचे हे लांब हाड यांच्यातला कोन १५ अंशांपेक्षा अधिक असला तर तो विकार मानला जातो आणि ४० अंशांच्या पुढे गेला तर तीव्र समजला जातो. झोपून काढलेल्या एक्स-रेत पायावर शरीराचा भार नसल्यामुळे कोन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो, म्हणून एक्स-रे काढताना उभ्या स्थितीतच काढण्याचा आग्रह धरावा.

आईकडून तुमच्याकडे आली असेल ती पायाची ठेवण : सैल अस्थिबंध, सपाट तळवा, चवड्याच्या हाडांची विशिष्ट रचना. अरुंद टोकाची आणि उंच टाचेची पादत्राणे ही प्रवृत्ती वाढवतात, कारण टाच उंच झाली की शरीराचा भार चवड्यावर येतो आणि बोटे निमुळत्या टोकात दाबली जातात. तरीही केवळ चपलेमुळे हा विकार झाला असे म्हणून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

आता पट्ट्याविषयी. प्रौढ व्यक्तीच्या पायात पट्ट्याने हाड कायमचे सरळ होत नाही. तो बांधलेला असेपर्यंत अंगठा सरळ राहतो आणि सोडल्यावर पूर्वस्थितीत येतो. त्याने रात्री आराम वाटत असेल तर जरूर वापरावा, मात्र बोट बधिर झाले किंवा काळसर-निळे दिसू लागले तर तो काढून ठेवावा. अंगठा आणि दुसरे बोट यांच्यामध्ये ठेवायचा सिलिकॉनचा तुकडाही घासणे कमी करतो, परंतु तो मोकळ्या पादत्राणातच वापरायचा असतो. अरुंद बुटात तो घातला तर दुसऱ्या बोटावर दाब येऊन तेही वाकडे होऊ लागते.

माझ्या मते तुमच्या त्रासावरचा सर्वांत मोठा उपाय पादत्राणाच्या निवडीत आहे, आणि त्यासाठी थोडा वेळ खर्च करणे योग्य ठरेल. कोऱ्या कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा पेन्सिलीने काढून घ्यावी आणि सध्या वापरात असलेली चप्पल किंवा बूट त्या आकृतीवर ठेवून पाहावा. बऱ्याच जणांच्या बाबतीत पाऊल चवड्यापाशी पादत्राणाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते, आणि आपण रोज किती अरुंद जागेत पाऊल कोंबतो ते लक्षात येते. ही आकृती बरोबर घेऊन गोखले रोडवर किंवा जांभळी नाक्यावर खरेदीला जावे, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पायांत पादत्राण घालून, उभे राहून आणि दुकानात चालून पाहावे, आणि जो पाय मोठा आहे त्याच्या मापाने निवड करावी. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंटिमीटर जागा हवी आणि उंचवट्याच्या ठिकाणी पट्ट्याची शिवण, बक्कल किंवा कडक कडा येता कामा नये.

त्रास होतो म्हणून एक नंबर मोठी चप्पल घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तिने लांबी वाढते, चवड्याची रुंदी मात्र फारशी वाढत नाही. पाऊल पुढे सरकते, टाच सुटते आणि चप्पल पायात राहावी म्हणून बोटे आवळून धरावी लागतात, ज्यामुळे सांध्यावरचा ताण वाढतो. मापाची पण रुंद चवड्याची जोडी मिळेपर्यंत शोधणे हेच हिताचे आहे.

रोजच्या प्रवासासाठी नाडीचे, पुढून रुंद व गोलसर असलेले, वरून मऊ जाळीदार कापडाचे स्पोर्ट्स शूज मी सर्वांत आधी सुचवेन. नाडी ओवताना उंचवट्याजवळचे छिद्र मोकळे सोडले की त्या जागी दाब कमी होतो. गर्दीच्या डब्यात कोणाचा पाय पडण्याचा धोका असतो, त्यामुळे बंद बूट त्या दृष्टीनेही बरा. टाच २ ते ३ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. तळ मजबूत असावा आणि तो मधोमध न मुडपता चवड्यापाशी वाकावा. मात्र अंगठ्याचा सांधा आखडला असेल आणि वर उचलताना दुखत असेल, तर त्याउलट पुढे किंचित वळलेला कडक तळ अधिक सोयीचा ठरतो.

सँडल घ्यायची असल्यास मागे पट्टा असलेली आणि पुढचा पट्टा वेल्क्रोने सैल-घट्ट करता येणारी घ्यावी. अंगठ्यात अडकवायच्या चपलेत अंगठ्याला सतत पकड धरावी लागते, त्यामुळे ती लांबच्या चालीसाठी योग्य नाही. कोल्हापुरी चपलेची आवड असलेल्यांनी कारागिराकडून आपल्या पावलाच्या मापावर ती बेतून घ्यावी आणि अंगठा ज्यात जातो ते कडे सैल ठेवायला सांगावे. पावसाळ्यात मिळणारे प्लॅस्टिकचे बंद बूट पायाच्या आकाराप्रमाणे सैलावत नाहीत आणि ओल्या त्वचेवर त्यांची कडा लवकर साल काढते. त्या चार महिन्यांत पट्टे बदलता येणारी रबरी सँडल बरी.

दुखणे उठल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटे शेकावे. वेदनाशामक मलम थोडे दिवस लावता येते, परंतु मूत्रपिंडाचा विकार, अल्सर किंवा उच्च रक्तदाब असल्यास गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पोटऱ्या ताणण्याचे आणि अंगठा हाताने हळुवार सर्व बाजूंना फिरवण्याचे व्यायाम सांधा लवचीक ठेवतात. त्यांनी वाक सरळ होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. एक गोष्ट आवर्जून सांगतो : सांधा एका रात्रीत लालबुंद, गरम आणि पांघरूणाचा स्पर्शही सहन होणार नाही इतका दुखरा झाला, तर तो गाउट (युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारा संधिवात) किंवा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यासाठी त्वरित डॉक्टरांकडे जायला हवे.

शस्त्रक्रियेचा निर्णय वेदनेवरून घ्यावा, पाऊल सुंदर दिसावे म्हणून घेऊ नये. योग्य पादत्राणे वापरूनही चालणे मर्यादित होत असेल, दुसरे बोट अंगठ्यावर चढू लागले असेल किंवा त्या बोटाच्या मुळाशी तळव्याला जाड, दुखरा घट्टा पडत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. त्रास सौम्य असताना काही काळ थांबल्याने सहसा नुकसान होत नाही. या शस्त्रक्रियेत बहुधा चवड्याचे हाड कापून योग्य जागी सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. नुसता उंचवटा तासून काढला तर मूळ वाक तसाच राहतो आणि त्रास परतण्याची शक्यता असते. त्यानंतर साधारण ६ आठवडे विशेष बूट घालावा लागतो, सूज पूर्ण उतरायला काही महिने लागतात, आणि तुमचा उजवा पाय असल्याने वाहन चालवणेही काही काळ बंद राहील. लोकलच्या गर्दीत उभे राहणे तर आणखी लांबेल, तेव्हा रजेचा विचार आधी करून ठेवावा. पुन्हा अरुंद पादत्राणे वापरल्यास विकार उलटू शकतो.

प्रश्न : माझे वय ६६, मधुमेह बरीच वर्षे आहे. अंगठ्याजवळच्या उंचवट्यावर कुरूप झाले असून मी औषधाच्या दुकानातून आणलेली कुरुपाची पट्टी लावतो. दुखत नाही, पण कुरूप जात नाही.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : ती पट्टी आजच काढून टाकावी. तिच्यातील सॅलिसिलिक ॲसिड कुरुपाबरोबर आजूबाजूची निरोगी त्वचाही जाळते, आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर जखम होऊनही ती जाणवत नाही. ‘दुखत नाही’ हे तुमचे वाक्य मला म्हणूनच चिंतेचे वाटते. ब्लेडने कुरूप कापण्याचा प्रयत्नही करू नये. डॉक्टरांकडून पायाची संवेदना आणि रक्तपुरवठा तपासून घ्यावा.

तुमच्यासाठी मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या) रबराचा सुकतळा असलेली, रुंद चवड्याची आणि मागे पट्टा असलेली सँडल योग्य ठरेल. नवी जोडी पहिल्या दिवशी तास-दोन तासच घालून, नंतर त्वचेवर लाल डाग पडला आहे का ते पाहावे. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही याची खात्री करावी, रोज रात्री आरशाने तळवे तपासावेत, आणि देवळाच्या आवारात तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालणे टाळावे. साल निघाली किंवा पाणी येऊ लागले, तर त्याच दिवशी दाखवावे.

प्रश्न : माझ्या १२ वर्षांच्या मुलीच्या अंगठ्याशी आताच उंचवटा दिसतो. शाळेचे काळे बूट तिला चावतात. शस्त्रक्रिया करावी का?
— एक आई, ऐरोली

उत्तर : या वयात हाडांची वाढ चालू असते आणि शस्त्रक्रियेनंतर वाक परत येण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे ती सहसा वाढ पूर्ण होईपर्यंत लांबणीवर टाकली जाते. अस्थिरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासणी करून घ्यावी आणि सपाट तळवा किंवा सांध्यांचा सैलपणा आहे का ते विचारावे. मुलांचे पाय झपाट्याने वाढतात, म्हणून बूट दर तीन-चार महिन्यांनी अंगठ्यापाशी चाचपून पाहावेत. गणवेशाचे बूट अरुंद असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून रुंद चवड्याचे काळे स्पोर्ट्स शूज घालण्याची परवानगी शाळेकडे लेखी मागावी.