‘फ्लूची लागण झाली’ आणि ‘फ्लू झाला’

प्रश्न असा आहे : ‘फ्लूची लागण झाली’ आणि ‘फ्लू झाला’ यांत काही फरक आहे का? आणि ‘लक्षणे नसलेला रुग्ण’ हा प्रयोग मराठीत बसतो का?

फरक आहे, आणि तो जपावा असं मला मनापासून वाटतं. ‘लागण’ आली ‘लागणे’ या क्रियापदावरून. कोल्हापूर-सांगलीकडे लागण म्हटलं की आधी ऊसच डोळ्यांपुढे येतो : आडसाली लागण, पूर्वहंगामी लागण. कांडी मातीत गेली की लागण झाली. कांडीवरचे डोळे फुटून कोंब वर यायला वेळ लागतो. फ्लूचंही तसंच. विषाणू श्वासावाटे आत येतो, नाक, घसा, श्वासनलिका यांच्या अस्तरातल्या पेशींना चिकटतो, पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून आपल्यासारखे असंख्य विषाणू तयार करवून घेतो. ही झाली लागण. माणूस अजून धडधाकट हिंडत असतो. साधारण 2 दिवसांनी (कधी 1, कधी 4) कणकण वाटते, अंग मोडून येतं, ताप चढतो. हा ताप, ही अंगदुखी बरीचशी शरीराच्या प्रतिकारातून आलेली असते. आता म्हणायचं, ‘फ्लू झाला’. मधल्या काळाला वैद्यकीय मराठीत अधिशयन काळ म्हणतात. लक्षणं दिसायच्या साधारण आदल्या दिवसापासूनच हा माणूस दुसऱ्याला विषाणू देऊ शकतो. म्हणजे ‘मला काही झालेलं नाही’ हे त्याचं म्हणणं खरं असतं आणि तरी लागण झालेली असते.

‘संसर्ग’ म्हणजे मुळात मिसळणं, संगत. ‘संसर्गदोष’ हा जुना शब्द त्यातलाच. आज तो लागण याच अर्थाने रूढ आहे, त्याला माझी हरकत नाही. मात्र ‘रुग्णाच्या संसर्गात आलेले’ असं लिहू नये, तिथे ‘संपर्क’च हवा. संपर्क आलेल्या प्रत्येकाला लागण होतेच असं नाही.

‘रुग्ण’ हा शब्द संस्कृत रुज् धातूचा. त्यात दुखणं, मोडणं आहे. काहीच दुखत-खुपत नाही त्याला रुग्ण म्हणणं मलाही खटकतं. तिथे ‘बाधित’ चपखल बसतो. 2020 मध्ये कोविडच्या रोजच्या आकड्यांमुळे तो घरोघरी पोचला. विषबाधा, भूतबाधा यांच्या कुळातला हा शब्द बाहेरून काहीतरी बाधलंय एवढंच सांगतो, लक्षणांविषयी काही गृहीत धरत नाही. ‘लक्षणे नसलेला बाधित’ म्हणावं.

जाता जाता ‘प्रादुर्भाव’. ‘शेजारच्या काकांना स्वाइन फ्लूचा प्रादुर्भाव झाला’ हे चूकच. प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणं. तो गावात, जिल्ह्यात होतो, एकट्या माणसाला नाही. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा प्रादुर्भाव झाला, हे बरोबर. आणि लागण पसरत गेली की ती ‘साथ’. साथ येते, फोफावते, ओसरते. मुंबईत 1918 च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली, ओसरली आणि सप्टेंबरात कितीतरी अधिक घातक होऊन उलटली.